व्हिएतनामी वाडग्यातले रक्त आणि आमच्या आजीची रक्ती

शनिवारची संध्याकाळ होती. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहरात एका व्हिएतनामी फूड ट्रकसमोर आम्ही पाचजण रांगेत उभे होतो. पाचही जण महाराष्ट्रातून नोकरीसाठी इथे आलेले, पाचही जण बाबासाहेबांचे नाव घेऊन वाढलेले. रांगेत पुढे आमच्या ओळखीचे एक मराठी गृहस्थ भेटले. माणूस तसा भला, गप्पिष्ट, खाण्याचा शौकीन. आम्हाला पाहून त्यांना आनंद झाला आणि काय खायचे ते सांगण्याची जबाबदारी त्यांनी आपणहून अंगावर घेतली.

"फो सगळेच खातात. तुम्ही बुन बो ह्वे घ्या. असली चव कुठे मिळायची नाही!"

वाफाळते वाडगे आले. गवती चहाचा वास, वर लालभडक तेलाचा तवंग, तांदळाच्या जाड शेवया, गायीच्या मांसाचे तुकडे, डुकराचा पाया आणि काळपट तांबडे, मऊ चौकोनी तुकडे. गृहस्थांनी चॉपस्टिकने त्यातला एक तुकडा उचलून आम्हाला दाखवला.

"हे काय आहे माहितीये? रक्त! डुकराचं. गोठवून शिजवतात. सगळ्यांना झेपत नाही, पण खरी मजा यातच आहे."

आमच्यातली एकजण सहज म्हणाली, "माहितीये की. आमची आजी करायची. बकऱ्याचं असायचं, पण करायची पद्धत जवळपास हीच. आम्ही रक्ती म्हणतो त्याला."

तो तुकडा हवेतच थांबला. गृहस्थांच्या चेहऱ्यावरचे हसू गेले नाही, फक्त थोडे आखडले. मग त्यांनी विचारले, "अच्छा. म्हणजे तुम्ही मूळचे कुठले? गाव कुठलं?"

महाराष्ट्रातल्या कोणत्याही बहुजनाला या प्रश्नाचा अर्थ सांगावा लागत नाही. गाव विचारले जाते तेव्हा गावाचा पत्ता नको असतो, गावातली जागा हवी असते. वेशीच्या आतली की बाहेरची? तिने गाव सांगितले, आडनावही सांगितले आणि वर, "आमचा वाडा गावाच्या पूर्वेला होता," असेही सांगून टाकले. गृहस्थ म्हणाले, "नाही, म्हणजे ते वेगळं हो. हे त्यांचं क्विझिन आहे."

आम्ही खाल्ले, हसलो, निरोप घेतला. भांडण झाले नाही. पण "ते वेगळं" हे दोन शब्द गाडीत बसल्यावरही आमच्या सोबत आले. हा लेख त्या दोन शब्दांबद्दल आहे. ते गृहस्थ इथे निमित्तमात्र आहेत. त्यांच्या जागी आपल्याला ओळखीचे शेकडो जण बसवता येतील.

वेगळे नेमके काय आहे?

आधी पदार्थांचाच हिशेब करू. बुन बो ह्वे हा मध्य व्हिएतनाममधल्या ह्वे शहराचा रस्सा. हाडे उकळून त्याचा अर्क काढतात, त्यात गवती चहा घालतात आणि आंबवलेल्या कोलिमाची लगदी घालतात. ही लगदी नुसती हुंगली तर नवख्या माणसाला मळमळेल. फो या प्रसिद्ध रश्श्यात गायीची हाडे तासन्‌तास उकळतात, त्यात भाजलेला कांदा, आले, दालचिनी आणि चक्रीफूल पडते. वाडग्यात मांसाबरोबर गायीची वजडी आणि स्नायूबंधही मागून घेता येतात. बान्ह मी म्हणजे कुरकुरीत पाव, त्याला आतून कलेजीचे वाटण, वर डुकराचे मांस, आंबवलेला मुळा-गाजर, कोथिंबीर, मिरची. आणि या सगळ्याच्या मुळाशी नुओक माम, म्हणजे बारीक मासळी मिठात महिनोन्‌महिने मुरवून काढलेले पाणी.

आता आमच्या घरात या. रक्ती, वजडी, मुंडी, पाया, कलेजी, सुकवलेल्या मांसाच्या चान्या, सुकट, बोंबील, जवळा. यातला कोणता पदार्थ त्या ट्रकच्या फळ्यावर या ना त्या रूपात नव्हता? जनावराचा एकही भाग वाया घालवायचा नाही, हा नियम तिथेही आहे आणि इथेही. कमी पैशात, तिखट-आंबटाच्या जोरावर, कडक आणि चिवट भागाला चव आणायची, हे कसब तिथल्या बाईकडेही आहे आणि आमच्या आजीकडेही होते. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या स्वयंपाकाची नोंद केली ती २०१५ साली. मराठीत पाककृतींची पुस्तके शंभराहून अधिक वर्षे छापली जात आहेत. त्यांत आमची चूल कुठे होती? ‘अस्सल महाराष्ट्रीय’ या नावाखाली अळूची भाजी आली, पुरणपोळी आली, फार तर कोंबडीचा रस्सा आला. रक्ती आली नाही.

म्हणजे जिभेला अडचण नाही. नाकाला अडचण नाही. ज्या नाकाला इमारतीच्या जिन्यात सुकटाचा वास आला की सोसायटीची सभा बोलवाविशी वाटते, तेच नाक आंबवलेल्या कोलिमाच्या वासाला ‘ऑथेंटिक’ म्हणते. वास तोच आहे. वास कोणाच्या घरातून येतो, एवढाच फरक आहे.

"पण ती त्यांची संस्कृती आहे"

पहिले उत्तर हे मिळते. त्यांची ती पाकसंस्कृती आणि तुमचे ते गरिबीचे, नाइलाजाचे खाणे.

मग फोचा इतिहास पाहा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर व्हिएतनाममध्ये, हनोई आणि नाम दिन्हच्या परिसरात हा पदार्थ आकाराला आला. त्याआधी तिथे गायीगुरे मुख्यतः शेतीच्या कामाची. गोमांसाची मोठी मागणी आली ती फ्रेंच साहेबांमुळे. चांगले मांस साहेबाच्या टेबलावर गेले आणि हाडे व उरलेसुरले तुकडे फेरीवाल्यांच्या वाट्याला आले. खांद्यावर कावड, कावडीच्या एका बाजूला चूल आणि रश्श्याचे भांडे, दुसऱ्या बाजूला वाडगे आणि शेवया, असा फो गल्लोगल्ली फिरला. पावाचीही तीच कथा. गव्हाचा पाव साहेबाचा. १९५४ साली देशाची फाळणी झाल्यावर उत्तरेतून लाखो लोक दक्षिणेत आले आणि त्या दशकात सायगॉनच्या रस्त्यावर तो पाव आत सारण भरून, हातात धरून खाण्याचा, कष्टकऱ्याला परवडणारा बान्ह मी झाला.

उरलेल्या हाडांचेच अन्न आहे हे. नाइलाजाचेच आहे. फरक इतकाच की त्या समाजाने ते अन्न शिजवणाऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या शिवायचे नाही असे ठरवले नाही. म्हणून मजुराचा रस्सा राष्ट्राचा पदार्थ होऊ शकला. मे २०१६ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा हनोईत एका साध्या खानावळीत, प्लॅस्टिकच्या बुटक्या स्टुलावर बसून बुन चा खाताना जगाने पाहिले. आमच्या रक्तीसमोर आजवर कोण बसले?

आम्ही व्हिएतनामचे गोडवे गायला बसलेलो नाही. तिथेही गरीब-श्रीमंत आहेत, तिथेही फेरीवाल्याला पोलीस हाकलतात. २०१७ मध्ये हो ची मिन्ह सिटीच्या मध्यवर्ती भागात पदपथ मोकळे करण्याची मोहीम निघाली तेव्हा विक्रेत्यांच्या गाड्या उचलल्या गेल्याच. आणि अमेरिकेत त्यांचे पायघड्या घालून स्वागत झाले असेही नाही. ३० एप्रिल १९७५ ला सायगॉन पडल्यावर जे निर्वासित आले त्यांच्यातल्या कोळ्यांना टेक्सासच्या किनाऱ्यावर कू क्लक्स क्लॅनने धमकावले. ते प्रकरण १९८१ मध्ये न्यायालयात गेले आणि न्यायालयाने क्लॅनला मनाई केली. इथे सॅन होजेत ली कुटुंबाने १९८० च्या दशकात ट्रकवरून खाणे विकायला सुरुवात केली. आज ‘लीज सँडविचेस’ ही दुकानांची मोठी साखळी आहे. द्वेष होता, गरिबी होती, भाषा येत नव्हती. पण ट्रकच्या खिडकीतून पाव घेणारा मजूर विकणाऱ्याच्या हाताकडे बघून, हा पाव खाल्ला तर मी बाटेन का, असा हिशेब करत नव्हता.

"प्रश्न स्वच्छतेचा आहे हो!"

दुसरे उत्तर हे. जातीचा काही संबंध नाही, आम्ही फक्त स्वच्छता बघतो.

स्वच्छता बघायलाच हवी, तिथे आमचा वाद नाही. त्या ट्रकवर आरोग्य खात्याचा परवाना लावलेला होता. कॅलिफोर्नियाच्या कायद्याप्रमाणे गरम पदार्थ १३५ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ५७ अंश सेल्सियसच्या वर ठेवावा लागतो आणि थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली. ट्रकला धुण्या-भरण्यासाठी मान्यताप्राप्त ठिकाणी नियमित जावे लागते. निरीक्षक येतो, थर्मामीटर टोचतो, हात धुवायच्या पाण्याचा नळ तपासतो. तो स्वयंपाकिणीचे गाव विचारत नाही.

याला म्हणतात स्वच्छता. ती मोजता येते, तपासता येते, नसेल तर आणता येते. आपल्याकडे या शब्दाच्या पोटात दुसराच शब्द लपवलेला असतो, तो म्हणजे सोवळे. सोवळे मोजायला थर्मामीटर नाही. साबणाने ते येत नाही आणि घाणीने ते जात नाही. ते जन्माने येते. म्हणून २०२३ मध्ये आयआयटी मुंबईच्या वसतिगृहाच्या भोजनगृहात ‘इथे फक्त शाकाहारींनी बसावे’ असे फलक लागतात, पुढे शाकाहारींसाठी टेबले राखीव होतात आणि त्याविरोधात त्या टेबलावर मांसाहार करणाऱ्या विद्यार्थ्याला १०,००० रुपये दंड होतो. त्या टेबलावर कोणते जंतू होते? मार्च २०२४ मध्ये झोमॅटोने ‘प्युअर व्हेज’ ग्राहकांसाठी वेगळे डिलिव्हरीवाले आणि त्यांना हिरवा गणवेश जाहीर केला. ओरड झाल्यावर गणवेशाचा वेगळा रंग दुसऱ्याच दिवशी मागे घ्यावा लागला. बंद डब्यातले जेवण कोणत्या पिशवीच्या शेजारी होते, याने ते अस्वच्छ होत नाही. ते फक्त विटाळते. आणि विटाळ हा आरोग्यशास्त्राचा शब्द नाही, धर्मशास्त्राचा आहे.

इथे ट्रकसमोर गायीची वजडी आवडीने चावणाऱ्यांपैकी किती जणांनी महाराष्ट्राच्या २०१५ च्या कायद्यावर तोंड उघडले? १९७६ चा गोहत्याबंदी कायदा त्या वर्षी बैल आणि वळूंपर्यंत वाढवला गेला. हत्या किंवा विक्री केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद. त्याने कुरेशी कसायाचा धंदा गेला, शेतकऱ्याच्या भाकड बैलाचा बाजार गेला, कामगाराच्या ताटातले स्वस्त प्रथिन गेले. सॅन होजेत जे क्विझिन आहे ते सोलापुरात गुन्हा आहे. दोन्हीकडे खाणारा माणूस ‘संस्कृती’ हाच शब्द वापरतो, आणि दोन्हीकडे त्याचे स्वतःचे काहीच जात नाही.

आम्हाला तुपासाठीही मारले

आता तिसरे उत्तर. हे जरा सौम्य आवाजात येते. "तुमचे खाणे तसे होते म्हणून अंतर पडले. आता तुम्हीही बदललात, आम्हीही बदललो."

अंतर खाण्यामुळे पडले? बाबासाहेबांनी ‘जातिनिर्मूलन’मध्ये जयपूर संस्थानातल्या चकवारा गावची घटना नोंदवली आहे. १९३६ सालची. तीर्थयात्रेहून परतलेल्या एका अस्पृश्याने आपल्याच जातबांधवांना जेवण घातले. जेवणात तूप होते. एवढ्यावरून सवर्णांनी लाठ्या घेऊन पंगतीवर हल्ला केला, अन्न नासवले, माणसांना झोडपले. तिथे रक्त नव्हते, मांस नव्हते, कसला वास नव्हता. तूप होते! यांच्याच शास्त्रातले सर्वांत पवित्र तूप.

वाईट खाल्ले म्हणून हिणवायचे आणि चांगले खाल्ले म्हणून मारायचे, याचा अर्थ काय होतो? प्रश्न पदार्थाचा कधी नव्हताच. डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यात एका सरकारी शाळेतल्या सवर्ण मुलांनी दलित भोजनमातेने शिजवलेला माध्यान्ह आहार नाकारला. ताटात डाळ-भातच होता. नाकारला गेला तो हात.

आणि म्हणूनच ते गृहस्थ ट्रकवरचे रक्त खाऊ शकतात. त्यांच्या दृष्टीने व्हिएतनामी बाई जातीच्या बाहेरची आहे. तिच्या हातचे खाल्ल्याने त्यांच्या उतरंडीतली एकही पायरी हलत नाही. आमच्या आजीच्या हातची रक्ती खाल्ली तर हलते. त्यांना रक्ताची किळस नाही. उतरंड हलण्याची भीती आहे.

गंगाराम कांबळ्यांचे हॉटेल

कोल्हापूरच्या गंगाराम कांबळे यांची गोष्ट आपल्याला पाठ आहे, तरी ती इथे पुन्हा सांगायला हवी. पाण्याला शिवल्याबद्दल मार खाल्लेल्या या महार माणसाला शाहू महाराजांनी चहाचे हॉटेल काढायला मदत केली. हॉटेल निघाले, चकचकीत निघाले. पण महाराच्या हातचा चहा घेणार कोण? गिऱ्हाईक फिरकेना. मग महाराज आपला खडखडा घेऊन निघाले, थेट हॉटेलसमोर थांबले आणि मोठ्याने हाक मारून चहा मागवला. स्वतः घेतला, सोबतच्या मानकऱ्यांनाही घ्यायला लावला. भर रस्त्यात, सगळ्यांच्या देखत.

महाराजांना चहाची तलफ आली नव्हती. घरात त्यांना हवा तितका चहा मिळत होता. त्या चहाला किंमत आली ती तीन गोष्टींमुळे. चहा करणाऱ्याची जात सगळ्यांना माहीत होती. चहा उघड्यावर घेतला गेला. आणि घेणाऱ्याला त्यात काही गमवावे लागणार होते. फूड ट्रकवरच्या त्या वाडग्याला या तीन कसोट्या लावून पाहा. एकही लागत नाही. फोटो निघतो, इन्स्टाग्रामवर चढतो, ‘आम्ही काय काय खातो’ याची फुशारकी होते. हे चवीचे पर्यटन झाले. पर्यटनाला आमची हरकत नाही, पण त्याला कोणी पुरोगामीपण म्हणू नये.

शंभर वर्षांनंतर गंगारामांचे किती नातू उघड नावाने हॉटेल चालवतात? महाराष्ट्रात हमरस्त्यावर पाट्या वाचत जा. ब्राह्मणी थाळी, मराठा खानावळ, सीकेपी पदार्थ, सारस्वत मासळी, सगळे जातीच्या नावाने, अभिमानाने विकले जाते. ‘महार खानावळ’, ‘मांगाचे मटण’ अशी पाटी दिसली का कुठे? धंदा करणारे आमचे भाऊ आहेत, चांगला स्वयंपाक करणाऱ्या बहिणी आहेत, पण पाटीवर आडनाव येत नाही. येते ते देवाचे नाव, गावाचे नाव, नाहीतर मुलीचे नाव. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने हातगाडीला हक्क दिला, तो हवाच होता. कॅलिफोर्नियानेही २०१८ मध्ये कायदा करून पदपथावरची विक्री हा फौजदारी गुन्हा राहणार नाही असे ठरवले. पण परवाना हातात आल्यावरही गिऱ्हाइकाच्या डोक्यातला बहिष्कार उठत नाही. त्याला महाराजांचा खडखडा लागतो, आणि आज तो दारात थांबत नाही.

सहभोजनाने भागत नाही

इथे कोणी म्हणेल, ठीक आहे, उद्या आम्ही तुमच्याकडेही रक्ती खाऊ, मग झाले ना समाधान?

नाही झाले. या! स्वागत आहे, पोटभर वाढू. पण हिशेब तिथे मिटत नाही. बाबासाहेबांनी १९३६ मध्येच सांगून ठेवले आहे की सहभोजनाने जात मरत नाही. एकत्र जेवणाऱ्या जाती असूनही जातिभेद टिकलेला त्यांनी दाखवून दिला. आंतरजातीय विवाह हा खरा उपाय आणि त्याच्याही आधी ज्या शास्त्रांनी ही बुद्धी दिली त्यांचे प्रामाण्य नाकारणे, हे त्यांचे म्हणणे होते.

या परदेशात त्याचा पडताळा रोज येतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने जातीवर आधारित भेदभावाला स्पष्ट बंदी घातली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने आयशा वहाब यांचे तशाच आशयाचे विधेयक मंजूर केले. काही हिंदू संघटनांनी त्याला कडाडून विरोध केला. ७ ऑक्टोबर २०२३ ला गव्हर्नर गॅविन न्यूसम यांनी, आहेत ते कायदे पुरेसे आहेत असे म्हणत ते नाकारले. ज्या लोकांनी "अमेरिकेत जात नाहीच" असे लिहून पाठवले, त्यांच्यापैकी कितीजण शनिवारी व्हिएतनामी, कोरियन, इथिओपियन खात असतील! जगातले सगळे रस्से त्यांच्या ताटात आले. मुलीच्या लग्नाची स्थळे मात्र अजून पोटजातीच्या यादीतून येतात, आणि रक्ती म्हटले की गाव विचारले जाते.

थोडे आपल्या माणसांशी

हा लेख इथेच संपवला तर अप्रामाणिकपणा होईल. कारण त्या संध्याकाळी अजून एक गोष्ट घडली होती. आमच्यातल्या एकाच्या बारा वर्षांच्या मुलाने बुन बो ह्वे चाटूनपुसून खाल्ले आणि गाडीत बसल्यावर विचारले, "बाबा, आजीची रक्ती म्हणजे काय? आपण कधी का नाही खाल्ली?"

बाबांकडे उत्तर नव्हते. उत्तर असे आहे की आपणच ती लपवली. शहरात आलो, वसाहतीत घर घेतले, खिडक्या लावून बोंबील भाजायला लागलो. पाहुण्यांसमोर पनीर आणले. मुलांना व्हिएतनामी वजडी ‘कूल’ वाटते आणि घरची वजडी ‘ई’ वाटते, याला आपणही जबाबदार आहोत.

कोणी महाडचा दाखला देईल. मार्च १९२७ च्या महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस सोडायला सांगितले, हे खरे आहे, आणि आपल्या आज्या-पणज्यांनी ते ऐकले याचा आम्हाला अभिमान आहे. पण ते काय सोडायला सांगत होते ते नीट समजून घ्या. गावाने ओढायला लावलेले मेलेले ढोर, त्याच्या मोबदल्यात मिळणारे मांस आणि त्यासोबत येणारी गावकीची लाचारी, ही साखळी त्यांना तोडायची होती. ताजे मांस शिजवून खाण्याची लाज बाळगा असे त्यांनी सांगितले नाही. उलट १९४८ मध्ये ‘अस्पृश्य मूळचे कोण?’ या ग्रंथात त्यांनी गोमांसभक्षण आणि अस्पृश्यता यांचा संबंध इतिहास म्हणून तपासला आणि हीनपणाचा शिक्का कसा मारला गेला ते उलगडून दाखवले. लाज ज्यांनी शिक्का मारला त्यांची आहे, आपली नाही.

भुकेचे उदात्तीकरण आम्हाला करायचे नाही. आज्यांनी जे खाल्ले त्यातले पुष्कळ नाइलाजाने खाल्ले आणि त्यांना पर्याय असता तर त्यांनीही तूप खाल्ले असते. कोणाला मांस सोडायचे असेल तर जरूर सोडावे. आपण बौद्ध आहोत, आपल्यातही शाकाहारी आहेत. त्या व्हिएतनाममध्येही कित्येक बौद्ध चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांस खात नाहीत. त्या दिवशी साधा भात, भाजी, टोफू खातात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फोच्या गाडीवर बसतात. आपला शाकाहार दाखवून ते शेजाऱ्याला खालचा ठरवत नाहीत. शाकाहार हा करुणेतून आला तर तो असा असतो. आपल्याकडे तो उतरंडीची वरची पायरी होऊन बसला आहे, आणि आपल्यातल्या काहींना त्या पायरीवर चढायची घाई झाली आहे. त्या घाईलाही आमचा विरोध आहे.

आता काय?

त्या गृहस्थांना आम्ही फोन केला. पुढच्या रविवारी घरी जेवायला बोलावले, आणि काय शिजणार आहे तेही सांगितले. बकऱ्याची रक्ती, वजडी, ज्वारीची भाकरी आणि ठेचा. त्यांनी "बघतो, कळवतो" म्हटले. चार दिवस झाले, अजून कळवलेले नाही. येतील किंवा न येतील. आले तर आनंदाने वाढू आणि जेवण झाल्यावर त्यांना एक प्रश्न विचारू, की कॅलिफोर्नियात जातभेदाविरुद्धचे विधेयक पुन्हा आले तर तुम्ही त्याच्या बाजूने सही करणार का? रक्ती गोड लागली की नाही, यापेक्षा या प्रश्नाचे उत्तर आम्हाला महत्त्वाचे वाटते.

आणि ते आले किंवा न आले, तरी १४ एप्रिलला आम्ही इथल्या जयंतीच्या कार्यक्रमात खाण्याचे टेबल मांडणार आहोत. पनीर नसेल. रक्ती असेल, सुकटाची चटणी असेल, शाकाहाऱ्यांसाठी आंबाड्याची भाजी असेल आणि प्रत्येक पदार्थासमोर तो कोणाच्या आजीचा, कोणत्या गावचा, कोणत्या वस्तीतला, हे मराठीत आणि इंग्रजीत लिहिलेले असेल. ट्रकवाल्या व्हिएतनामी बाईंनाही आम्ही बोलावले आहे. आम्ही रक्ती कशी करतो ते सांगितल्यावर त्यांनी फक्त एवढेच विचारले, "त्यात आंबट काय घालता?"

त्यांनी गाव विचारले नाही.

जय भीम!